पत्र्यावरची झाकणं

मे महिन्यात धुळ्यातल्या शस्त्रागाराचं कुलूप
रुमालात धरूनच उघडावं लागतं.
पांझरेत तेव्हा पाणी नसतं, नुसता पूल असतो.

मी नवी होते. चोवीस दिवसांची.
झुलाल अप्पांनी माझ्यापुढे एक रायफल ठेवली
आणि काहीच सांगितलं नाही.
बॅरल रिसीव्हरमध्ये असं बसलेलं
की दोन्ही एकाच भट्टीत, एकाच दिवशी ओतली असावीत.

तीन दिवस लागले.
पहिल्या दिवशी रॉकेल. दुसऱ्या दिवशीही रॉकेल,
आणि अप्पांचा चहा, जो ते बशीत ओतून विसरायचे.
तिसऱ्या दिवशी शिकंज्यात लाकडाचे गुटके, त्यांवर राळ,
पान्याला मी लोंबकळले, माझ्यामागून भटू शिपाई,
आणि आवाज आला
बाभळीची फांदी मोडावी तसा.

आटे उघडे पडले.
कुणीतरी कधीतरी चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस फासलेलं,
त्याची आता पिवळी लाख झालेली.
दोन आटे एकमेकांना चावलेले.
आणि त्या लाखेत एका ठिकाणी
अर्धा अंगठा उमटलेला, रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ.
अप्पांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.
शिवी द्यायला नाव तरी सोडून जायचं, म्हणाले.

मग ग्रीस.
मला वाटलं कपाटातून एक डबा काढायचा.
अप्पांनी पाच काढले.
पांढरं, साबणाच्या लगद्यासारखं.
पिवळं, एसटी स्टँडमागच्या दुकानातलं.
तांबूस, तांब्याची भुकटी घातलेलं, महाग.
काळं, मोलीचं, शिसपेन्सिलीसारखं चकाकणारं.
पाचवं कुठलं ते त्यांनाही आठवेना, डबा लोणच्याचा होता.

पाच झाकणांवर एकेक बोट लावून
पत्र्यावर तिरकी ठेवायला मला शिडीवर चढवलं.
"चार वाजता देख."

चार वाजता पिवळं झाकणाबाहेर पडून
पन्हळीतून खाली निघालेलं.
पांढऱ्यानं तेल सोडलेलं.
पाचव्याला मुंग्या:
ते तूप होतं, रात्रपाळीतल्या कुणाचं तरी.
तांबूस आणि काळं जिथल्या तिथे.

मी म्हटलं, मग तांबूस घेऊ, महागाचं आहे.
आणि डिसेंबर, अप्पा म्हणाले,
पहाटे बादलीतलं पाणी बोटं खातं तेव्हा?
दोन्ही झाकणं देवपुरातल्या गोळेवाल्याकडे गेली,
रात्रभर गोणपाटाखाली, बर्फाच्या लादीला टेकून.
सकाळी तो ती परत घेऊन आला, चिडलेला.
तांबूस नखानं खरवडावं लागलं.
काळं बोटाबरोबर आलं.

काळं लावलं. टूथब्रशनं, अगदी थोडं,
आट्यांवर आणि खांद्यावर,
नळीत एक कणही नाही.
मी विचारलं, अप्पा, घट्टच तर बसवायचंय,
मग तीन दिवस हे कशाला?
ते ब्रश पुसत होते.
"जोर लाईसन कोनी बी कसी, माय.
जो उघाडी, त्यानं नाव आपले माहीत नही."

या वैशाखात तीच रायफल पुन्हा टेबलावर आली.
नंबराच्या शेवटी दोन सात, म्हणून ओळखली.
एकोणीस वर्षं.
गुटके लावले, राळ लावली, पान्यावर हात ठेवला.
भटूचा मुलगा मागे उभा, लोंबकळायच्या तयारीत.

गरज पडली नाही. आवाजही नाही.
पाव आटा, अर्धा आटा, आणि बॅरल माझ्या हातात,
आत ते काळं अजून ओलं,
माझ्या अंगठ्याला लागलं, दिवसभर निघालं नाही.

तो डबा आता मिळत नाही.
दुकानदारानं चार नवे दिले, चारांवर तेच लिहिलेलं:
सर्वोत्तम.
शिडी आता लोखंडी आहे, भाजते.
हाताला रुमाल गुंडाळून झाकणं वर नेतेय,
आणि खालून पोरगं विचारतंय,
मॅडम, पत्र्यावर काय?

चार वाजता देख, म्हटलं.